लहान मोटरबोटीला किती अश्वशक्तीचे इंजिन हवे?

चौदा ते अठरा फुटांची फायबरची बोट घ्यायला निघालेला माणूस विक्रेत्याला सहसा दोन प्रश्न विचारतो: इंजिन किती एचपीचे, आणि ॲव्हरेज किती? दुचाकी आणि मोटारी घेताना लागलेल्या सवयीतून हे प्रश्न येतात आणि पाण्यावर ते दोन्ही अपुरे पडतात. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने धावणारी मोटार आपल्या इंजिनाच्या ताकदीचा लहानसा हिस्साच वापरते. बोट मात्र सतत घाट चढत असल्यासारखी असते, कारण पाणी हवेच्या सुमारे आठशे पट दाट आहे आणि थ्रॉटल सोडताच त्याचा विरोध बोटीला थोड्याच वेळात थोपवतो. त्यामुळे बोटीच्या इंजिनाला बराच काळ निम्म्याहून अधिक ताकदीने राबावे लागते, आणि ही ताकद नेमकी किती लागेल हे तळाचा आकार, एकूण वजन आणि आपल्याला हवा असलेला वेग ही तीन कारणे मिळून ठरवतात. हा हिशेब आधी केला, तर इंजिनाचा आकडा बऱ्याच अंशी आपोआप निघतो; तो न करता घेतलेले इंजिन लहान असो वा मोठे, पेट्रोल जास्तच जाळते.

प्रथम तळाचा विचार करू. गोल तळाची, जड आणि पाण्यात खोल बसणारी होडी पाणी बाजूला सारत पुढे जाते. तिला डिस्प्लेसमेंट प्रकारची बोट म्हणतात. तिच्या नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकापाशी, लाट उठते आणि वेग वाढेल तशी त्या लाटेची लांबीही वाढत जाते, कारण खोल पाण्यात लाटेचा वेग तिच्या लांबीवर अवलंबून असतो. ही लांबी बोटीच्या पाण्यातील लांबीएवढी झाली, की पुढचे टोक एका शिखरावर, मागचे टोक दुसऱ्या शिखरावर आणि मधला भाग खळग्यात अशी स्थिती येते, आणि त्याहून वेगाने जायचे तर बोटीला आपणच उठवलेल्या लाटेवर चढावे लागते. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने 1870 च्या दशकात टॉर्की येथे लांबलचक हौद बांधून त्यात जहाजांच्या प्रतिकृती ओढल्या आणि लाटांमुळे होणारा हा विरोध पद्धतशीरपणे मोजला. व्यवहारात उपयोगी पडणारे सूत्र सोपे आहे. पाण्याच्या रेषेवरची बोटीची लांबी फुटांत घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला 1.34 ने गुणावे. येणारा आकडा हा त्या बोटीचा सोयीचा कमाल वेग असतो, नॉटमध्ये. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, अर्थात 1.852 किलोमीटर. 15 फुटांना हा वेग 5.2 नॉट येतो, 25 फुटांना 6.7 आणि 36 फुटांना 8.

या मर्यादेपर्यंत पोहोचायला लागणारी ताकद आश्चर्य वाटावे इतकी कमी असते. शांत पाण्यात टनामागे चार ते पाच अश्वशक्ती पुरते, आणि समोरचा वारा व प्रवाह धरून त्याच्या दुप्पट घेतली तरी एक टनाच्या होडीला दहाच्या पुढे जाण्याचे कारण नाही. अशा होडीला चाळीस अश्वशक्तीचे आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेरून बसवायचे इंजिन, लावले, तर मागची बाजू पाण्यात दबते, नाळ वर जाते, पाठीमागे उंच लाट उठते आणि वेग जेमतेम एखाद-दुसऱ्या नॉटने वाढतो. जादा जळलेले पेट्रोल त्या लाटेत गेलेले असते. जुन्या लाकडी होडीवर मोठे इंजिन बसवून ती पळवण्याची हौस अनेकांना असते, पण तिच्याइतकी तोट्याची हौस पाण्यावर दुसरी नसेल.

दुसरा प्रकार प्लेनिंगचा. या बोटीचा तळ मागच्या बाजूला बराचसा सपाट, पुढे इंग्रजी व्ही अक्षरासारखा आणि कडांना धारदार असतो. पुरेसा वेग आला, की पाण्याचा दाबच तिला वर उचलतो आणि ती पाणी सारण्याऐवजी पाण्यावरून घसरू लागते. मग वरची मर्यादा तिला लागू राहत नाही. हौसेच्या बहुतेक लहान मोटरबोटी या प्रकारच्या असतात. मात्र पाण्यात बसून जाणे आणि पाण्यावर घसरणे या दोन अवस्थांच्या मध्ये एक चढ असतो. सोळा फुटांच्या बोटीला तो साधारण 7 ते 12 नॉटच्या दरम्यान लागतो. या पट्ट्यात नाळ इतकी वर येते की चालवणाऱ्याला समोरचे नीट दिसत नाही, मागे मोठी लाट ओढली जाते आणि वेगाच्या मानाने पेट्रोल फार जळते. प्लेनिंग बोटीच्या इंजिनाची पहिली परीक्षा ही असते, की नेहमीचा भार घेऊन त्याने हा चढ काही सेकंदांत पार करावा. जे इंजिन बोटीला चढाच्या अलीकडेच धापा टाकत ठेवते, ते कितीही लहान असले तरी काटकसरीचे नाही.

आता वजन. इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो, कारण माहितीपत्रकात दिलेले वजन रिकाम्या तळाचे असते. सोळा फुटांची फायबरची उघडी बोट सुमारे 300 किलोची धरू. त्यावर चाळीस ते साठ अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे 95 ते 120 किलो. चार माणसे, 280 किलो. पन्नास लिटर पेट्रोल, लिटरला पाऊण किलोच्या थोडे खाली धरून 37 किलो. आणि बॅटरी, नांगर, दोर, लाइफ जॅकेट, पाण्याचे कॅन व डबे मिळून आणखी 40 किलो. बेरीज पाऊणशे कमी-जास्त धरूनही साडेसातशे किलोच्या आसपास जाते, म्हणजे तळाच्या वजनाच्या अडीचपट. प्लेनिंग बोटीसाठी साधारण ठोकताळा असा आहे, की एका अश्वशक्तीवर 20 किलोहून अधिक भार पडला तर चढ पार करणे कठीण होते, आणि 12 ते 13 किलो पडला तर बोट सहज धावते. आपल्या उदाहरणात पहिल्या हिशेबाने 38 आणि दुसऱ्याने सुमारे 60 अश्वशक्ती येते. म्हणजे या बोटीला 25 चे इंजिन अपुरे पडेल, 40 चे जेमतेम पुरेल आणि 60 चे आरामात काम करेल. दोनच माणसांनी शांत पाण्यात फिरायचे असेल तर 40 योग्य आहे. पाहुणे आले की सहाजण चढणार असतील तर 40 चा विचार सोडलेला बरा, आणि मुळात ती बोट सहाजणांसाठी प्रमाणित आहे का, हे आधी पाहावे.

60 घेतल्याने वेग दीडपट होईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. प्लेनिंग बोटीचा कमाल वेग ढोबळमानाने ताकदीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. 40 अश्वशक्तीने ही बोट 21 नॉट जात असेल, तर 60 ने ती 25 ते 26 नॉट जाईल, आणि 21 चे 42 करायचे तर इंजिन चौपट घ्यावे लागेल, जे त्या तळाला पेलणारच नाही. मोठ्या इंजिनाचा खरा लाभ कमाल वेगात शोधण्यापेक्षा नेहमीच्या वेगात शोधावा.

तो कसा, हे समजण्यासाठी पेट्रोलचे गणित पाहावे लागते. आजचे फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिन एक अश्वशक्ती तासभर निर्माण करण्यासाठी सुमारे 0.38 लिटर पेट्रोल घेते. त्यामुळे 40 चे इंजिन पूर्ण थ्रॉटलवर तासाला 15 लिटर आणि 60 चे 23 लिटर जाळते. विक्रेते आणि चालक हा तासाचा आकडा सांगतात आणि ऐकणारा घाबरून लहान इंजिनाकडे वळतो. पण बोटीने जायचे असते अंतर, आणि त्यासाठी दर सागरी मैलाला किती लिटर लागले हे पाहायला हवे. आपली बोट 18 नॉटने चालवायची असेल तर तिच्या तळाला सुमारे 30 अश्वशक्ती लागते. ही मागणी तळाची असल्यामुळे मागे कोणते इंजिन लावले आहे याने तिच्यात फारसा फरक पडत नाही. दोन्ही इंजिने ती पुरवताना तासाला साडेअकरा लिटरच्या जवळपास घेतील, म्हणजे सागरी मैलाला 0.64 लिटर. फरक इतकाच, की 40 चे इंजिन त्यासाठी पाऊण ताकदीने ओरडत असेल आणि 60 चे निम्म्या ताकदीने शांत चालत असेल.

त्याच बोटीचे इतर वेगही पाहू. 5 नॉटला तळ तीन-चार अश्वशक्ती मागतो आणि सागरी मैलाला सुमारे 0.3 लिटर लागतात. 9 नॉटला, म्हणजे ऐन चढावर, मागणी सतरा अश्वशक्तीच्या आसपास जाते आणि मैलाचा खर्च 0.7 लिटरच्या पुढे सरकतो. 18 ला तो 0.64 वर उतरतो, आणि 60 च्या इंजिनाने पूर्ण थ्रॉटलवर 25 ते 26 नॉट गाठले की पुन्हा 0.9 लिटरपर्यंत चढतो. हे आकडे एका ठरावीक बोटीचे अंदाज आहेत, पण त्यांचा चढउतार जवळजवळ प्रत्येक प्लेनिंग बोटीत असाच दिसतो: अगदी हळू जाणे सर्वांत स्वस्त, मधला वेग महाग, बोट स्वच्छ घसरू लागल्यानंतरचा वेग पुन्हा परवडणारा आणि पूर्ण थ्रॉटल सर्वांत महाग. ‘जपून चालवतो’ असे म्हणत जो चालक दिवसभर 9-10 नॉटवर रेंगाळतो, तो 18 ने जाणाऱ्यापेक्षा जास्त पेट्रोल खर्च करतो आणि उशिराही पोहोचतो.

इंजिनाच्या आकाराचा परिणाम अगदीच होत नाही असे नाही. पेट्रोल इंजिन फार कमी भारावर चालले तर अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून हवा ओढण्यातच त्याची काही ताकद वाया जाते. पूर्ण भारावर ते थंड राखण्यासाठी मिश्रणात जास्तीचे पेट्रोल घातले जाते. त्याचा सुखाचा पट्टा या दोहोंच्या मध्ये, बहुतेक आउटबोर्डांत मिनिटाला 3500 ते 4500 फेऱ्यांच्या दरम्यान असतो. इंजिन असे निवडावे की आपला नेहमीचा वेग या पट्ट्यात यावा. काही कंपन्या 40, 50 आणि 60 अश्वशक्तीची इंजिने एकाच ब्लॉकवर बनवतात आणि त्यांच्या वजनात नगण्य फरक असतो. अशा वेळी केवळ पेट्रोल वाचेल या आशेने 40 घेण्याला अर्थ उरत नाही, किमतीतला फरक हे मात्र योग्य कारण असू शकते. जुने कार्ब्युरेटरचे टू-स्ट्रोक आउटबोर्ड हलके आणि दुरुस्तीला सोपे असते, म्हणून किनाऱ्यावर अजून लोकप्रिय आहे. परंतु त्यात पाव हिश्शाच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त, इंधन न जळताच बाहेर पडते. वर्षातून मोजके तास वापर असेल तर ते चालून जाईल, रोज पर्यटक फिरवायचे असतील तर फोर-स्ट्रोकची जादा किंमत पेट्रोलातून भरून निघते. डिझेल अश्वशक्तीमागे तासाला 0.2 लिटरच्या आसपास लागते, मात्र डिझेल इंजिन इतके जड असते की सोळा फुटांच्या घसरत्या बोटीत त्याला जागा नाही.

वरची मर्यादाही असते. बोटीच्या मागच्या उभ्या फळीवर, जिला ट्रान्सम म्हणतात, इंजिनाचे वजन आणि जोर दोन्ही येतात, आणि ती किती पेलेल हे बांधणाऱ्याने ठरवलेले असते. अमेरिकेत 20 फुटांखालच्या बहुतेक मोटरबोटींवर माणसांची, एकूण वजनाची आणि कमाल अश्वशक्तीची पट्टी लावणे उत्पादकाला बंधनकारक आहे. तिथल्या तळ्यांवर बोट घेणाऱ्या मराठी कुटुंबांनी जुनी बोट पाहताना प्रथम ही पट्टी पाहावी. त्या नियमातील गणित उद्बोधक आहे. 16 फूट लांब आणि 5 फूट रुंद ट्रान्समच्या बोटीला चाकाचे सुकाणू आणि पुरेशा उंचीचा ट्रान्सम असेल तर 70 अश्वशक्तीपर्यंत परवानगी मिळते. तीच बोट मागे बसून दांड्याने वळवायची असेल तर मर्यादा 40 वर येते, कारण जोरदार इंजिनाचा दांडा हातातून निसटला तर बोट गर्रकन फिरून माणूस बाहेर फेकला जाऊ शकतो. आपल्याकडे स्थानिक कारागिराने बांधलेल्या बोटीवर अशी पट्टी नसेल, तर बांधणाऱ्याकडून ही मर्यादा लेखी घ्यावी. माझ्या मते कमाल मर्यादेच्या 75 ते 85 टक्क्यांचे इंजिन बहुतेक कुटुंबांना योग्य ठरते.

इंजिन बरोबर निवडूनही चुकीचा पंखा सगळा हिशेब बिघडवतो. प्रोपेलरवर दोन आकडे कोरलेले असतात: व्यास आणि पिच, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे पंखा एका फेरीत, जणू स्क्रूसारखा घन पदार्थात शिरत असता, तर किती इंच पुढे गेला असता. इंजिन मिनिटाला 5500 फेऱ्या करत असेल, गिअर त्या निम्म्या करत असेल आणि पिच 13 इंच असेल, तर कागदावर वेग 29 नॉटच्या थोडा वर येतो. पाणी सटकत असल्याने त्यातून 15 टक्के वजा केले की 25 नॉट उरतात. पिच एका इंचाने वाढवली तर पूर्ण थ्रॉटलवरच्या फेऱ्या सुमारे 200 ने कमी होतात, कमी केली तर तेवढ्या वाढतात. प्रत्येक इंजिनाच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलला किती फेऱ्या व्हाव्यात याचा पट्टा दिलेला असतो, उदाहरणार्थ 5000 ते 6000. नेहमीचा भार घेऊन बोट 4600 वरच अडकत असेल, तर पंखा जड आहे: इंजिन उंच गिअरमध्ये चढ चढणाऱ्या गाडीसारखे कण्हते, तापते आणि पेट्रोल पिते. रिकाम्या बोटीवर विक्रेत्याने घेतलेली चाचणी इथे फसवी ठरते, म्हणून चाचणीच्या दिवशी घरच्या माणसांना बरोबर नेणे शहाणपणाचे. पंख्याची वाकलेली कड आणि तळावर साचलेले शेवाळ व शिंपले हेही असेच पेट्रोल खातात. खाऱ्या पाण्यात कायम तरंगत ठेवलेल्या बोटीत ही वाढ काही आठवड्यांत जाणवू लागते.

कोकणच्या खाड्यांत आणखी एक हिशेब करावा लागतो, तो भरती-ओहोटीचा. ओहोटीचा ओढ दोन नॉट असेल आणि बोट त्याच्याविरुद्ध 5 नॉटने जात असेल, तर किनाऱ्याच्या हिशेबाने ती तीनच नॉट पुढे सरकते आणि मैलाचा खर्च पावणेदोन पटीच्या जवळ जातो. 18 नॉटने जाणाऱ्या बोटीला हाच ओढ नवव्या हिश्शाएवढा नडतो. हळू बोटीने पेट्रोल वाचवायचे असेल तर पाण्याची वेळ पाळावी लागते. किनाऱ्यावरची माणसे त्यासाठी तिथीची पाऊणपट करतात: चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती पूर्ण होते आणि पुढचे सहा तास पाणी समुद्राकडे ओढते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हा ओढ जोरदार असतो, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, सौम्य. त्यातच दुपारनंतर वायव्येचा वारा उठला आणि खाडीच्या मुखाशी ओहोटीचे पाणी त्याला सामोरे आले, की तिथे आखूड, उभ्या लाटा तयार होतात. अशा जागी राखीव ताकद हाताशी असणे ही चैन राहत नाही, आणि कागदावरच्या किमान आकड्यापेक्षा थोडे मोठे इंजिन घ्या असे सांगण्याचे माझे मुख्य कारण हेच आहे. पेट्रोलचीही तीच गोष्ट. एक हिस्सा जाण्यासाठी, एक येण्यासाठी आणि एक राखीव, हा जगभर पाळला जाणारा नियम आहे. 18 नॉटने दहा सागरी मैल जाऊन परत यायचे, तर खर्च 13 लिटरच्या आसपास येतो, पण टाकीत 20 लिटर असावेत.

धरणाच्या पाण्यात ओढ नसतो, मात्र उंची असते. कोयनेचा शिवसागर जलाशय पूर्ण भरला असता समुद्रसपाटीपासून सुमारे 2160 फुटांवर असतो, आणि दर हजार फुटांना इंजिनाची ताकद अंदाजे तीन टक्क्यांनी घटते. मालवणला जेमतेम पुरणारे इंजिन तापोळ्याला, त्यात उन्हाळ्याच्या तापलेल्या हवेत, चढावर अडकू शकते. एक इंच कमी पिचचा पंखा बहुधा हा प्रश्न सोडवतो. जलाशयावर निवांत फिरण्यापुरती, 5 नॉटच्या आतली बोट हवी असेल तर विजेची मोटारही विचारात घेण्यासारखी आहे. दोन किलोवॅटच्या मागणीला पाच किलोवॅट-तासांची बॅटरी दोन-अडीच तास पुरते. घसरत्या बोटीला लागणारे वीस-बावीस किलोवॅट मात्र तीच बॅटरी पंधरा मिनिटेही पुरवणार नाही.

शेवटी पंपावरच्या पेट्रोलविषयी. भारतात आता सर्रास मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशाएवढी ऊर्जा असल्याने लिटरमागे सहा-सात टक्के कमी ऊर्जा मिळते, आणि वरच्या सर्व आकड्यांत तेवढी भर धरावी लागते. मोठी अडचण दमट हवेची आहे. बोटीची टाकी हवेशी जोडलेली असते, इथेनॉल त्या हवेतील पाणी ओढून घेते आणि प्रमाण वाढले की पाणी व इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात, नेमके तिथे जिथून इंजिन इंधन उचलते. अनेक आउटबोर्ड उत्पादक 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे पुस्तिकेत नमूद करतात, त्यामुळे इंजिन घेण्यापूर्वी हा आकडा पाहून घ्यावा आणि टाकी व इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवावा. पावसाळ्यात बोट वर ओढून ठेवायची असेल, तर उरलेले पेट्रोल चार महिने टाकीत ठेवू नये. त्यात टू-स्ट्रोकचे तेल मिसळलेले नसेल, तर मे संपण्यापूर्वी ते काढून घरच्या स्कूटरमध्ये घालावे.